एका जखमेवर दोन पेन्शनी

मी नेमकं काय संशोधन करते हे आईला समजावण्यात तीन वर्षं गेली. शेवटी तिनेच एक वाक्य तयार केलं आणि आता ती सगळ्या नातेवाइकांना तेच सांगते: "ती याद्या जुळवते." गंमत म्हणजे हे अगदी बरोबर आहे. दोन वेगवेगळ्या याद्यांमधल्या दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत की दोन माणसांच्या, हे संख्याशास्त्राच्या मदतीने ठरवायचं, हा माझा विषय. आमच्याकडे याला रेकॉर्ड लिंकेज म्हणतात.

गेल्या हिवाळ्यात या वाक्यामुळेच मी एका भानगडीत सापडले. नॉर्थ कॅरोलायनात मी ज्यांच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहते, त्या बाई ऐंशीच्या घरातल्या. मूळच्या राज्याच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ भागातल्या. ख्रिसमसच्या सुट्टीत त्यांनी एक जुना फोटो आणून माझ्यासमोर ठेवला. खुर्चीत बसलेला पांढऱ्या दाढीचा म्हातारा, कोटावर बिल्ला. "हे माझे पणजोबा. गेटिसबर्गला मांडीत गोळी लागली होती. तू याद्या जुळवतेस ना, मग यांचं बघ की जरा."

पणजोबांचं नाव इथे लिहीत नाही. एवढंच सांगते की नाव आणि आडनाव दोन्ही त्या भागात इतकी सर्रास आहेत, की पुण्यात एखादा कुलकर्णी शोधावा. म्हणजे माझ्या दृष्टीने उत्तम प्रश्न!

आधी थोडी पार्श्वभूमी. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं. गुलामगिरी टिकवण्यासाठी दक्षिणेची अकरा राज्यं फुटून निघाली, त्यांनी स्वतःला कॉन्फेडरेट म्हणवलं, आणि ती हरली. जिंकलेल्या सैनिकांना वॉशिंग्टनचं केंद्र सरकार पेन्शन देत होतं. हरलेल्यांना ते कशाला देईल? त्यांची सोय ज्याच्या त्याच्या राज्याने केली, आणि तीही सावकाश. नॉर्थ कॅरोलायनाने हातपाय गमावलेल्यांना कृत्रिम अवयव द्यायला १८६६ मध्येच सुरुवात केली होती, पण पेन्शनचा कायदा यायला १८८५ उजाडलं. त्यातही जखमेमुळे अंगमेहनत जमत नाही आणि मालमत्ता ५०० डॉलरच्या आत आहे, असं दोन्ही दाखवावं लागे. १९०१ च्या कायद्याने दार बरंच रुंद केलं.

इथे नवखा माणूस हमखास एक चूक करतो. पेन्शनचा अर्ज सैनिक जिथून लढला त्या राज्यात सापडत नाही, तर म्हातारपणी जिथे राहत होता त्या राज्यात सापडतो. ओक्लाहोमा तर युद्धाच्या वेळी राज्यही नव्हतं, तरी १९१५ पासून ते कॉन्फेडरेट पेन्शन देत होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

शोध नेहमी शेवटापासून मागे न्यायचा. १९१० च्या जनगणनेत ३० व्या रकान्यात प्रगणकाने विचारायचं होतं की हा माणूस यादवी युद्धातला आहे का, आणि कुठल्या बाजूचा. कॉन्फेडरेट आर्मी असेल तर 'सीए' अशी दोन अक्षरं. आमचे पणजोबा तिथे लगेच सापडले: शेतकरी, वय ७०, रकान्यात 'सीए'. बाई खूश.

मग पेन्शनचा अर्ज. राज्याच्या अभिलेखागारातल्या त्या फायली आता स्कॅन करून ठेवल्या आहेत. अर्ज १९०१ चा. अमुक रेजिमेंट, कंपनी 'ए', १८६३ च्या जुलैत गेटिसबर्गला मांडीत गोळी, आता काम होत नाही. खाली सहीच्या जागी फुलीची खूण, शेजारी कारकुनाचं टाकदार अक्षर, आणि शपथेवर सांगणारे दोन शेजारी. घरात चालत आलेली गोष्ट जशीच्या तशी सरकारी कागदावर. बाईंनी त्याची रंगीत प्रत काढून घेतली. इथे थांबले असते तर सगळे सुखात राहिले असते.

पण मी वयं मांडायला बसले. १८५० च्या जनगणनेत सहा, १८६० ला सोळा, १८७० ला पंचवीस, १८८० ला अडतीस, आणि १९१० ला सत्तर. म्हणजे साठ वर्षांत हा माणूस चौसष्ट वर्षांनी म्हातारा झाला! यात दचकण्यासारखं काही नाही. जन्मदाखलेच नव्हते, त्यामुळे वय म्हणजे घरातल्या कुणीतरी दारात उभं राहून सांगितलेला अंदाज. (माझ्या आजोबांचा, त्यांच्या दोन भावांचा आणि शेजारच्या निम्म्या वाड्याचा जन्म १ जूनला झाला आहे, कारण मास्तरांनी शाळेत तसं लिहून घेतलं. त्यामुळे मला या बाबतीत फार सहानुभूती आहे.) फक्त एक लक्षात घ्यायचं, की वय वाढवल्याने काही मिळत असेल तर ते जरा जास्तच वेगाने वाढतं.

याचं सर्वात प्रसिद्ध उदाहरण टेक्सासचे वॉल्टर विल्यम्स. १९५९ च्या डिसेंबरात ते वारले, तेव्हा यादवी युद्धातला शेवटचा सैनिक म्हणून साऱ्या देशाने त्यांना निरोप दिला. ते सांगत की आपला जन्म १८४२ चा, म्हणजे वय ११७. पण १८६० च्या जनगणनेत मिसिसिपीतल्या त्यांच्या घरात ते पाच वर्षांचे आहेत. त्यांनी पेन्शन मागितलं ते १९३० च्या दशकातल्या मंदीत, गरीब म्हाताऱ्याला दुसरा आधार नव्हता तेव्हा. आणि दहा वर्षं वाढवल्याशिवाय ते मिळणार नव्हतं. पाच वर्षांचं पोर काही घोड्यावर बसून लढत नाही, पण कागद तपासायचं कुणाला सुचलं नव्हतं. ते हयात असतानाच एका पत्रकाराने ही गोष्ट छापली, तरी अंत्ययात्रा व्हायची ती झालीच.

आमच्या पणजोबांची चार वर्षं त्यामानाने किरकोळ. खरी अडचण वेगळीच निघाली.

सैनिकाची सेवा तपासायची तर वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातली कार्डं बघायची. युद्ध हरल्यावर कॉन्फेडरेट सरकारचे हजेरीपट, इस्पितळांच्या याद्या, कैद्यांच्या याद्या असं जे हाती लागलं ते उत्तरेच्या सैन्याने वॉशिंग्टनला नेलं. तिथे १९०३ पासून कारकुनांनी प्रत्येक सैनिकाच्या नावाने एकेक ओळ कार्डावर उतरवून काढली. ही कार्डं चाळताना त्याच रेजिमेंटमध्ये, त्याच नावाचे, मला दोन शिपाई सापडले.

कंपनी 'ए' मधला: भरतीच्या वेळी वय २७, गेटिसबर्गला मांडीत जखमी, इस्पितळ, पुढे सेवेतून मुक्त. कंपनी 'डी' मधला: भरती १८६२ च्या वसंतात, वय १८, आणि शेवटच्या कार्डावर, ऑगस्ट १८६३ पुढे, एकच शब्द: पळाला.

दोघांपैकी आमचा कोण?

असल्या प्रश्नाला आमच्या विषयात एक सुटसुटीत युक्ती आहे. हॉवर्ड न्यूकोम नावाच्या कॅनडातल्या जनुकशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये सहकाऱ्यांबरोबर ती मांडली. त्याला जन्म-विवाहाच्या नोंदी संगणकाने जोडून आनुवंशिक आजारांचा माग काढायचा होता. १९६९ मध्ये फेलेगी आणि सन्टर यांनी तिला गणिती पाया दिला. युक्ती अशी. समजा दोन्ही याद्यांत नाव 'जॉन' आहे. नोंदी खरोखर एकाच माणसाच्या असतील तर नाव जुळण्याची शक्यता समजा ९० टक्के (उरलेले दहा टक्के लिहिणाऱ्याची कृपा). पण दर दहातला एक पुरुष जॉनच असेल, तर दोन भलत्याच माणसांची नावंही १० टक्के वेळा जुळतील. म्हणजे या पुराव्याचं वजन नव्वद भागिले दहा, फक्त नऊ. तेच नाव हजारात एकाचं असेल तर वजन ९००. मग वय, गाव, बायकोचं नाव, साक्षीदार, प्रत्येक रकान्याचं असं वजन काढायचं आणि गुणत जायचं. जे जुळत नाही ते वजन खाली ओढतं. आमच्या पणजोबांचं नाव म्हणजे जॉनचाच भाऊ, त्यामुळे त्याचं वजन जवळजवळ शून्यात जमा.

वयाचं मात्र होतं. १८६० ला सोळा असलेला मुलगा १८६२ ला अठरा होतो, सत्तावीस नाही. कॉन्फेडरेट सरकारने नेमकी १८६२ च्या एप्रिलमध्ये १८ ते ३५ वयाच्या पुरुषांना सक्तीची भरती लागू केली, हेही बसतं. दुसरं, कंपन्या बहुधा एकेका काउंटीतून उभ्या राहत, आणि 'डी' ही बाईंच्या काउंटीची कंपनी होती, 'ए' दुसऱ्याच. तिसरं म्हणजे अर्जावर शपथ घेणाऱ्या शेजाऱ्याचं कार्ड मी काढलं. तोही 'डी' चाच.

तरी मी बाईंना लगेच काही बोलले नाही. मनात होतं, कदाचित एखादा कागद उलटा बोलेल. एक कागद बोललाही, पण उलटा नाही.

१८९० ची जनगणना म्हणजे वंशावळ शोधणाऱ्यांचं दुखणं. १९२१ च्या जानेवारीत वॉशिंग्टनमध्ये ती ठेवलेल्या इमारतीला आग लागली आणि थोडं आगीने, बरंच पाण्याने तिचं वाटोळं झालं. पुढे उरलेले कागदही सरकारने निकालात काढले. १८८० पासून थेट १९०० वर उडी मारावी लागते, आणि मधल्या वीस वर्षांत मुलं जन्मून, वाढून, लग्न होऊन निघून गेलेली असतात. पण त्या जनगणनेबरोबर उत्तरेच्या माजी सैनिकांची एक वेगळी यादी केली होती. तिच्यातली वर्णानुक्रमे पुढच्या राज्यांची, केंटकीपासून वायोमिंगपर्यंतची पानं वाचली. दक्षिणेत फिरणाऱ्या काही प्रगणकांनी भोळेपणाने समोर आलेल्या प्रत्येक म्हाताऱ्या शिपायाला त्यात लिहून टाकलं. नंतर कुणीतरी कॉन्फेडरेटांच्या नावांवर रेघ मारली. रेघेखालचं अक्षर मात्र आजही वाचता येतं.

आमचे पणजोबा त्या रेघेखाली सापडले. कंपनी: डी. अपंगत्वाचा रकाना: कोरा.

हा कागद मला सगळ्यात मोलाचा वाटतो. कारण १८९० साली त्या प्रगणकाला काहीही सांगून त्यांना छदामही मिळणार नव्हता. १९०१ च्या अर्जाचं तसं नाही. नोंद खरी की खोटी हे विचारण्याआधी, हे उत्तर दिल्याने सांगणाऱ्याचं काय भलं होणार होतं हे विचारावं. ही गोष्ट मी विद्यापीठात शिकले नाही, या एका म्हाताऱ्याने शिकवली. माझ्या मॉडेलमध्ये सगळ्या याद्या सारख्याच प्रामाणिक आणि सारख्याच गबाळ्या आहेत असं गृहीत धरलं आहे. ते आता मला बदलावं लागणार.

मग कंपनी 'ए' चा खरा जखमी कुठे गेला? १८८० नंतर तो नॉर्थ कॅरोलायनात दिसत नाही. आता वरची ओक्लाहोमाची गोष्ट आठवा. टेक्सासने कॉन्फेडरेट पेन्शन १८९९ मध्ये सुरू केलं. ऑस्टिनच्या अभिलेखागारातल्या सूचीत तो निघाला. तेच नाव, तीच रेजिमेंट, कंपनी 'ए', गेटिसबर्ग, मांडीत गोळी. एका मांडीतल्या एकाच गोळीवर दोन राज्यं दोन माणसांना पेन्शन देत होती, आणि दोघांच्या मध्ये हजारभर मैल.

बाईंना सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे ते खोटारडे होते?"

याचं प्रामाणिक उत्तर 'माहीत नाही' असं आहे. एक शक्यता उघडच आहे. पळालेल्यांना बहुतेक राज्यं पेन्शन देत नसत, म्हणून त्यांनी नामसाधर्म्याचा फायदा घेतला आणि शेजाऱ्याने सांभाळून घेतलं. पण दुसरीही आहे, आणि मला ती जास्त छळते. १८७० च्या जनगणनेत 'लिहिता येत नाही' या रकान्यात त्यांच्यापुढे खूण आहे. अर्ज लिहिला कारकुनाने. वॉशिंग्टनची कार्डं तेव्हा झालेलीच नव्हती. छापील साधन होतं ते जॉन मूर यांनी १८८२ मध्ये प्रसिद्ध केलेली राज्यातल्या सैनिकांची नामावली. कारकुनाने तीत नाव शोधलं असेल, 'ए' चा जखमी आधी सापडला असेल, आणि फुली मारणाऱ्याला वाचूनही दाखवलं नसेल. असं असेल तर ती माझ्याच धंद्यातली चूक. नाव जुळलं की माणूस जुळला, असं समजणारा कारकून.

पळण्याबद्दल मात्र मी बाईंशी भांडले. त्या डोंगराळ भागात मोठे मळेवाले फार थोडे. १८६२ च्या ऑक्टोबरमध्ये नवा नियम आला. ज्या मळ्यावर वीस किंवा जास्त गुलाम, तिथल्या एका गोऱ्या पुरुषाला भरतीतून सूट. ज्यांच्याकडे वीस नव्हते त्यांची मुलं पुढे. अशा सैन्यातून एकोणीस वर्षांचा मुलगा घरी पळून आला तर मी त्याला नावं ठेवणार नाही. त्याच राज्यातल्या मोझेस ट्रिपलेट यांनी तर १८६३ मध्ये २६ व्या नॉर्थ कॅरोलायना रेजिमेंटमधून पळून पुढे थेट उत्तरेच्या सैन्यात नाव घातलं. त्यांना वयाच्या ८३ व्या वर्षी, १९३० मध्ये, एक मुलगी झाली. आयरीन ट्रिपलेट. वडिलांच्या त्या दुसऱ्या नोकरीपायी केंद्र सरकार आयरीनला महिना ७३ डॉलर १३ सेंट देत राहिलं, २०२० मध्ये ती वारेपर्यंत! यादवी युद्धाचं शेवटचं पेन्शन एका पळालेल्याच्या मुलीला मिळालं.

हे ऐकून बाई हसल्या. म्हणाल्या, "माझ्या आईपुढे हे बोलली असतीस तर घराबाहेर काढलं असतं तुला. पण एक बरं. आम्ही गरीब होतो. आमच्याकडे ते तसलं काही नव्हतं."

'ते तसलं' म्हणजे काय हे आम्हा दोघींना कळलं. मी गप्प बसले, कारण एक आकडा मला आठवड्यापासून खुपत होता.

१८६० च्या जनगणनेत घरमालकाच्या नावापुढे दोन रकाने असतात: जमिनीची किंमत आणि इतर चीजवस्तूंची किंमत. पणजोबांच्या वडिलांची जमीन ३०० डॉलरची. चीजवस्तू १,२०० ची. डोंगरातल्या लहान शेतकऱ्याकडे दोन गाई, एक घोडा, नांगर, भांडीकुंडी, यात बाराशे होत नाहीत. हा रकाना जमिनीच्या चौपट दिसला की शोधणारा माणूस दुसरं पुस्तक उघडतो. १८५० आणि १८६० ला गुलामांचे तक्ते वेगळे केले होते. त्यात मालकाचं नाव असतं. खाली प्रत्येक गुलामासाठी एक ओळ, आणि ओळीत वय, लिंग, रंग. नावाचा रकानाच नाही.

मी विचारलं, बघायचं का? बाई म्हणाल्या, बघ.

मालकाच्या नावाखाली एकच ओळ होती. वय १४, स्त्री, काळी.

बाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "हिचं काय झालं?"

आता खरी पंचाईत. वर सांगितलेलं सगळं गणित नावापासून सुरू होतं. इथे नावच नाही. मुक्त झालेल्या काळ्या लोकांची नावं जनगणनेत पहिल्यांदा आली ती १८७० ला, आणि प्रत्येकाने जुन्या मालकाचंच आडनाव घेतलं असंही नाही. वय आणि लिंग एवढ्यावर वजन कितीसं येणार? ज्यांच्याबद्दल कमी लिहिलं गेलं, त्यांच्याबाबतीत आमची पद्धत शांतपणे 'जुळणी नाही' असं लिहून पुढे जाते. कितीतरी शोधनिबंधांच्या तक्त्यात तळाशी असा एक आकडा असतो, जुळू न शकलेल्या नोंदींचा. मी स्वतः तो तीनदा छापला आहे.

तरी बसले. १८७० ची ती काउंटी, काळ्या स्त्रिया, वय २२ ते २६, आधी तोच परिसर, मग लगतचे. १८६५ नंतर मुक्त लोकांसाठी जे केंद्रीय खातं सात वर्षं चाललं, त्याच्याकडचे मजुरीचे करार चाळले. आठवडाभराने तीन बायका उरल्या. एकीचं आडनाव बाईंच्या घराण्याचंच, पण वय २६. दुसरी त्याच पोस्टाच्या हद्दीत एका गोऱ्या घरी स्वयंपाकीण, वय २४. तिसरी दोन मुलांची आई, नवरा शेतमजूर, हिचंही वय २४. कुणाचंही वजन माझ्या उंबरठ्याच्या जवळपास नाही. तिघींपैकी एकही ती नसेल, असंही अगदी शक्य आहे.

हे मी बाईंना आकड्यांसकट सांगितलं. त्यांनी कपाटातून घरातलं जुनं बायबल काढलं. त्याच्या पुढच्या कोऱ्या पानांवर चार पिढ्यांचे जन्म-मृत्यू लिहिलेले आहेत, पणजोबांच्या नावासमोर 'गेटिसबर्गला जखमी' असं कुणीतरी निळ्या शाईने लिहून ठेवलं आहे. ते त्यांनी खोडलं नाही. खाली 'कंपनी डी' एवढं लिहिलं. मग पान उलटून पेन माझ्याकडे दिलं आणि म्हणाल्या, माझा हात थरथरतो, तिघींची नावं तू लिही, आणि प्रत्येकीपुढे प्रश्नचिन्ह घाल.